चादरबाईच्या कोंबड्या

"अहो वहिनी, तुमची हेडबाई आमच्या गादीवर येऊन बसलीये. हाकललं तरी उठत नाही!"

भिंतीपलीकडून बँडमास्तरांची हाक आली तेव्हा चादरबाई मागच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. एक बूट झाला होता, दुसरा राहिला होता. ती तशीच उठली आणि सुटी नाडी फरफटत शेजारच्या अंगणात शिरली. बँडमास्तरांनी उन्हात गादी टाकली होती आणि गादीच्या बरोबर मधोमध हेडबाई बसली होती. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ही थोराड कोंबडी बाकीच्या तिघींवर सदान्‌कदा डाफरायची, म्हणून तिला हे नाव पडलेलं. आत्ताही ती बँडमास्तरांकडे अशी बघत होती, की गादी तिची आणि आगंतुक ते.

"पंख कापले नाहीत का?" बँडमास्तरांनी विचारलं.

"कापले ना. परवाच कापले."

"मग भिंत ओलांडली कशी? कुठल्या बाजूचे कापले?"

"दोन्ही बाजूंचे. अगदी सारखे."

बँडमास्तर खो खो हसायला लागले. जन्मभर बिगूल फुंकून त्यांचे गाल सैल झाले होते, हसताना ते लदलद हलायचे. "अहो, एकाच बाजूचे कापायचे असतात! म्हणजे उडायला गेली की तोल जातो. दोन्हीकडचे सारखे कापून तुम्हीच तिचा तोल सांभाळलात की. तुमचे हे दर वेळी मला भिंतीवरून समजावून सांगायचे, मी विचारलेलं नसताना."

"तुमचे हे" तोंडातून निसटलं ते त्यांचं त्यांनाच कळलं. मग हल्ली सगळेच करत होते तेच त्यांनीही केलं. चोरून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"गादीवर घाण केली का हो हिने?"

"केली ना. साग्रसंगीत."

"खोळ काढून द्या, धुऊन आणते," ती म्हणाली. हेडबाईला काखोटीला मारून ती घरी आली, कोंबडी खुराड्यात टाकली, दुसरी नाडी बांधली आणि कामाला गेली.

काम म्हणजे हॉस्पिटलचं कपडेघर. तळमजल्याच्याही खाली, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो, तिथे लोखंडी मांडण्यांवर चादरी, अभ्रे आणि ब्लँकेटं रचलेली. धोब्याकडून आलेलं मोजून घ्यायचं, फाटलेलं रफू करायचं, वॉर्डांना द्यायचं. इतकी वर्षं तिने हेच केलं होतं, आणि म्हणून वरच्या मोठ्या डॉक्टरपासून खालच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला चादरबाई म्हणायचे. आपल्या हातचं रफू ती हाताने चाचपून ओळखायची. तिला त्याचं फार काही वाटायचं नाही, काम करून करून येतंच ते.

तिचा नवरा पंप दुरुस्त करायचा. विहिरीवरचे, गच्चीच्या टाकीचे, कारखान्यातले, जे बंद पडेल ते. थंडी सुरू व्हायच्या थोडं आधी एका इमारतीच्या तळघरात पंपाचा नट फिरवता फिरवता तो खाली बसला, तो उठलाच नाही. लोकांनी उचलून जवळच्या हॉस्पिटलात आणलं. ते हॉस्पिटल चादरबाईचं होतं. वॉर्डातून कपडेघरात फोन आला, "चादरबाई, जरा वर या." तिला वाटलं, चादरी कमी पडल्या. म्हणून ती दोन्ही हातांवर घडी केलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन जिना चढली आणि तशीच वॉर्डात गेली. परिचारिकेने तो गठ्ठा तिच्या हातांतून काढून घेतला तेव्हा कुठे तिला समोरच्या पलंगावर कोण आहे ते दिसलं.

तिथून पुढे आत काहीतरी थांबलं ते थांबलंच. रडू आलं नाही. रडू यायला हवं होतं हे तिला कळत होतं. जेवायची वेळ झालेली कळते आणि भूक मात्र नसते, तसं. लोक आले, गळ्यात पडले, तिने सगळ्यांना चहा करून दिला. रजा संपण्याआधीच ती कामावर गेली. धोब्याकडून आलेल्या गठ्ठ्यात त्या पलंगावरची चादर होती. पांढरा दोरा संपला म्हणून निळ्याने रफू केलेला कोपरा, तिच्याच हातचा. ती चादर वॉर्डात गेली नाही. शेवटच्या मांडणीवर, कुणी मागत नाही अशा विटक्या ब्लँकेटांच्या खाली ती तिने सरकवून दिली. का, ते तिला सांगता आलं नसतं, आणि विचारणारंही कुणी नव्हतं.

सोबत म्हणून नणंद राहायला आली. वन्सं नवऱ्यापेक्षा मोठ्या. मनाने चांगल्या, पण डोळे म्हणजे गळका नळ. "आमच्या ताईचं वायसर गेलंय, आणि त्या मापाचं आता मिळत नाही," असं पंपवाला त्यांच्या तोंडावर म्हणायचा आणि त्या त्यावरही रडायच्या. आता तर त्यांना कारण होतं. भावाचा डबा दिसला की रडू, भावाची चप्पल दिसली की रडू. अंगणाच्या कोपऱ्यात त्याने जमवलेल्या जुन्या पंपांचा आणि मोटारींचा ढिगारा होता, तोही त्यांना बघवत नव्हता. चादरबाई शेजारी बसून त्यांना पाणी द्यायची.

आणि कोंबड्या. हेडबाई, एक लंगडी आणि दोन तांबड्या, ज्या एकमेकींपासून ओळखू येत नसत म्हणून दोघींना मिळून जुळ्या म्हणायचे. हा सगळा कारभार पंपवाल्याचा. पंप ज्यातून येतात त्या लाकडी खोक्यांचं त्याने खुराडं केलं होतं, त्याला वर उचलायच्या झाकणाची अंडी घालायची पेटी. चादरबाई सकाळी लवकर बाहेर पडायची, संध्याकाळी दमून यायची. कोंबड्यांचा आणि तिचा संबंध ताटातल्या अंड्यापुरताच होता. तो कोंबड्यांविषयी बोलायला लागला की ती म्हणायची, "तुमचं कोंबडीपुराण आटपा आता," आणि तो आटपायचा.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबड्यांनी खुराड्यात कालवा केला तेव्हा घरात त्यांची आठवण असणारी ती एकटीच होती. तिने दार उघडलं, दाणे टाकले, पेटीचं झाकण उचलून हात घातला. एक अंडं गरम लागलं, एक थंड. थंड कालचं राहिलं असेल, असं म्हणून तिने दोन्ही उचलली आणि फ्रिजच्या दारातल्या खळग्यांत ठेवली. घरात माणसांचा राबता होता, पुढे अंडी कुणी कुणी संपवली. एक तेवढं मागच्या खळग्यात राहून गेलं.

मग चादरबाई रोज पेटी साफ करू लागली, हॉस्पिटलची शिस्त लावून. पेटीत काही म्हणता काही राहता कामा नये. गवत बदल, फडकं मार. बाकी मात्र सगळा आनंदच होता. लंगडीच्या अंगावर उवा झाल्या, त्या तिच्याकडून वन्संच्या ओढणीत गेल्या. जुळ्यांनी नुकतीच लावलेली रोपं उकरून टाकली आणि त्या खड्ड्यांत धूळ अंगावर घेत लोळल्या. पायरीवरच्या घाणीवरून वन्सं दोनदा घसरल्या. चादरबाईला यायला उशीर झाला की खुराड्याचं दार लावायची पंचाईत, कारण वन्सं कोंबड्यांना भ्यायच्या. खिडकीतून काठी दाखवून त्या म्हणायच्या, "जा गं बायांनो आत, जा ना." कोंबड्या काठीकडे बघायच्या आणि आपलं चालू ठेवायच्या.

त्यातही अंडी मिळाली असती तर एक वेळ ठीक होतं. पण थोड्याच दिवसांत अंडी कमी झाली आणि मग बंदच पडली. पेटी उघडावी तर आत नुसतं नीट पसरलेलं गवत.

एका संध्याकाळी चहा पिता पिता वन्सं अंगणाकडे बघत म्हणाल्या, "मुक्या जिवांनासुद्धा कळलं गं. तो गेला आणि यांनी अंडी घालणं सोडलं. आणि माणसं…" आणि त्यांनी कप तोंडाला लावला.

"माणसं काय, वन्सं?"

"काही नाही. माणसं खंबीर असतात, एवढंच म्हणत होते."

चादरबाईने कप धुतले. ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला. तिला राग आला नाही, राग आला असता तर बरं झालं असतं. तिला वाटली ती लाज. वन्सं खोटं काय बोलल्या? कोंबड्यांना त्याचा सहवास तो काय, दोन-तीन वर्षांचा. हिने त्याच्याबरोबर जन्म काढला होता. आणि कोंबड्यांचं पोट आखडलं, हिने रजासुद्धा पुरती घेतली नाही. आपल्या आत मुळात काही होतं की नव्हतं, अशी शंका तिला आली आणि ती जाईना.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून येताना ती कोंबडीवाल्याच्या दुकानावरून आली. "चार आहेत. रविवारी सकाळी येऊन घेऊन जा."

"अंडी देतात?"

"नाही."

"मग दुसऱ्या कामाला येतील," कोंबडीवाला म्हणाला. दुसरं काम म्हणजे काय ते तिला कळलं आणि ती बरं म्हणाली. तिला कोंबड्या घरात नको होत्या. आपल्यापेक्षा जास्त दुःख झालेलं कुणीतरी रोज अंगणात हिंडताना बघणं तिच्याच्याने होत नव्हतं.

शनिवारी ती दुपारीच घरी आली. वन्संनी फ्रिज साफ करायला काढला होता आणि त्या हातात एक अंडं घेऊन उभ्या होत्या, अर्थातच डोळे भरून.

"हे बघ काय सापडलं. मागे राहिलेलं. त्याच्या कोंबड्यांचं शेवटचं अंडं गं हे. उद्या त्या जाणार." त्यांनी नाक ओढलं. "उकडते. दोघी निम्मं निम्मं खाऊ."

"इतकं जुनं? खराब झालं असेल."

वन्संनी भांड्यात पाणी घेऊन अंडं सोडलं. ते सरळ तळाला जाऊन बसलं. "बघ, बुडालं! खराब असतं तर वर आलं असतं. अजून ताजं आहे. त्याच्या हातचं आहे ना."

अंडं कोंबडीच्या हातचं असतं, असं चादरबाईच्या ओठांवर आलं होतं, पण तिने गॅस पेटवला. अंडं उकळलं, गार झालं. वन्संनी दोन बशा घेतल्या, मीठ घेतलं. ओट्याच्या कडेवर अंडं आपटलं. अंडं फुटलं नाही. जोरात आपटलं. चमच्याने ठोकलं. मग खलबत्त्यातला बत्ता आणला आणि डोळे मिटून एक हाणला. अंडं टणकन उडालं, जमिनीवर पडलं आणि गडगडत कपाटाखाली गेलं.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या, "हे काय गं?"

चादरबाईने ओणवं होऊन ते केरसुणीने बाहेर ओढलं. चष्मा लावला. खिडकीपाशी नेऊन फिरवून पाहिलं. अंगावर बारीक बारीक गोल रेषा होत्या, एकाला एक लागून. जाड टोकाला, मधोमध, एक चिमुकला उंचवटा राहिला होता. लेथवर वस्तू कापून सुटी करताना राहतो तसा. असे तुकडे त्याने तिला कितीदा दाखवले होते, फिनिशिंग बघ म्हणून. नायलॉनच्या पांढऱ्या रॉडचं अंडं होतं ते.

एक संध्याकाळ आठवली. तो वर्कशॉपमधून आला आणि घरात न येता खिशात हात घालून तसाच मागे निघाला.

"काय हो आणलंत?"

"बायकांचं काम आहे."

"कुठल्या बायकांचं?"

"मागच्या," असं म्हणून तो हसत हसत गेला होता. तिने पुढे विचारलं नव्हतं. दमलेली होती.

ते अंडं घेऊन ती भिंतीपाशी गेली आणि बँडमास्तरांना हाक मारली. वन्सं मागोमाग, हातात अजून बत्ता. बँडमास्तरांनी अंडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे बाहेर काढलंत तुम्ही? अहो वहिनी, हे पेटीत असायला पाहिजे! हे दिसलं की त्यांना वाटतं, इथे आधीच कुणीतरी घातलंय, म्हणजे जागा चांगली आहे. पेटी रिकामी दिसली की त्या दुसरा आडोसा बघतात. हेडबाई कुठेही घालायची म्हणून त्यांनी मुद्दाम करून आणलं होतं. किती दिवस मला दाखवत होते, बघा, खरं कोणतं ओळखा."

"तुम्ही मला बोलला नाहीत."

"मला काय माहीत! मला वाटलं, भिंतीपलीकडच्या माणसाला सांगितलंय तर घरात सांगितलंच असेल."

तेव्हा चादरबाईला टोचलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी टोचलं, आणि ते दुःखबिःख नव्हतं, चक्क हेवा होता. मला का नाही सांगितलं? भिंतीला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं, आणि मला नाही. मग तिला आठवलं, कोंबडीपुराण आटपा असं त्याला कोण म्हणायचं ते. तिने अंडं मुठीत घट्ट धरलं. उकळून निघालेलं, अजून आतून कोमट होतं.

"म्हणजे घालतायत कुठेतरी?" वन्संनी विचारलं.

दोघींनी मिळून अंगण पालथं घातलं. झुडपांत नव्हतं, पाण्याच्या पिंपामागे नव्हतं. शेवटी बँडमास्तरांनी भिंतीवरूनच जुन्या पंपांच्या ढिगाऱ्याकडे बोट दाखवलं. वन्संना बघवत नाही म्हणून तिकडे कुणी फिरकतच नव्हतं. एका मोठ्या मोटारीचं रिकामं झाकण तिथे आडवं पडलं होतं. चादरबाईने गुडघे टेकून आत पाहिलं. आत सुका पाला ओढून आणलेला होता आणि त्यावर अंडी होती. तांबूस, पांढरी, काही शेवाळलेली, काही चिखलाची, एकावर एक, नुसता खच.

"घालत होत्या गं," वन्सं हळूच म्हणाल्या. "इतके दिवस घालतच होत्या. आपल्याला दिसत नव्हतं एवढंच." आणि बत्ता खाली ठेवून त्या तिच्या शेजारी मातीत बसल्या. नळ सुटला होताच, पण या वेळी त्यांनी तिचा हात धरला. "वहिनी, मी त्या दिवशी एक बोलले होते."

"काय बोललात?"

"ते माणसांचं."

"आठवत नाही मला," चादरबाई म्हणाली. ती खोटं बोलत होती हे वन्संना कळलं, आणि त्यांनी तो हात सोडला नाही.

ती सगळी अंडी खड्डा करून पुरली, दुसरा उपाय नव्हता. मोटारीचं झाकण बँडमास्तरांनी पलीकडे ओढून नेलं. खोटं अंडं तिने पुसून पेटीत ठेवलं.

रविवारी कोंबडीवाला स्कूटरवर जाळीची पाटी बांधून आला. चादरबाई फाटकातच उभी होती.

"द्यायच्या नाहीत."

"आता काय झालं? अंडी देत नाहीत म्हणालात ना?"

"देतात. चूक माझीच होती. त्यांची खूण मी उचलून नेली होती."

कोंबडीवाल्याला काही कळलं नाही. एवढ्या सकाळी बोलावून हेलपाटा घालायला लावला म्हणून तो पुटपुटत गेला. आतून वन्सं ओरडल्या, "गेला का गं तो?" आणि गेला म्हटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा आपणहून मूठभर दाणे घेऊन पायरीपर्यंत आल्या. तिथून पुढे त्यांची हिंमत झाली नाही, त्यांनी लांबूनच दाणे भिरकावले.

सोमवारी कपडेघरात गेल्यावर चादरबाईने शेवटच्या मांडणीवरची विटकी ब्लँकेटं बाजूला केली. निळ्या रफूची चादर काढली, मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसली. तिने काही केलं नाही, नुसती बसली. वरून परिचारिका आली आणि दारातून म्हणाली, "चादरबाई, दहा चादरी हव्यात."

"देते," ती म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. परिचारिका एकदा तिच्याकडे आणि एकदा मांडीवरच्या चादरीकडे बघून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बऱ्याच वेळाने चादरबाईने तोंड पुसलं, ते त्या चादरीला नाही, स्वतःच्या बाहीला. चादरीची घडी होती तशी केली आणि परत ब्लँकेटांखाली सरकवली. मग दहा चादरी मोजून दिल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवस पेटीत काही नव्हतं. हेडबाई पेटीत डोकावायची, मान वाकडी करून ते पांढरं अंडं बघायची आणि निघून जायची. तिचे एका बाजूचे पंख वाढू लागले होते, दुसऱ्या बाजूचे चादरबाईने पुन्हा नीट कापले होते, आणि भिंतीवर उडी मारायला गेली की ती बदकन खाली पडत होती.

मग एका सकाळी, कामावर निघताना, चादरबाईने झाकण उचललं आणि गवतात हात घातला. एक गरम लागलं, एक थंड. तिने दोन्ही बाहेर काढली. बाहेर अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि दोन हातांतली दोन अंडी दिसायला अगदी सारखी होती. ती तशीच थोडा वेळ उभी राहिली. फाटकाबाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, ही बाई कसलं वजन करतेय.

गरम अंडं तिने कोटाच्या खिशात ठेवलं. थंड अंडं परत गवतात ठेवलं, होतं तिथेच, आणि झाकण लावलं.